टेपवाल्या वकीलबाईंचा नकाशा

कोर्टात सगळे त्यांना टेपवाल्या वकीलबाई म्हणत. बाईंना त्या नावाचा रागबिग नव्हता, उलट थोडा माजच होता. सव्वीस वर्षं त्या विमा कंपनीच्या बाजूने अपघाताचे दावे लढत होत्या. बाकीचे वकील फाइल वाचून उलटतपासणीला उभे राहत. बाई आधी अपघाताच्या जागी जाऊन रस्ता स्वतः मोजत. टेपचं दुसरं टोक धरायला नवरा. तो गणिताचा मास्तर.

"लोक रविवारी बायकोला बागेत नेतात," गटाराच्या कडेला उकिडवा बसून तो म्हणे.

"बागेत कुठे अपघात होतात? टेप ताठ धरा."

या टेपने भल्याभल्यांची भंबेरी उडवली होती. ट्रकचे दिवे लांबून दिसले असं शपथेवर सांगणाऱ्या एका साक्षीदाराला बाईंनी नुसतं विचारलं, "मधलं वळण तेवढ्यापुरतं काढून ठेवलं होतं का?" त्याने पाणी मागितलं. पुढेपुढे तर बाईंनी मापं दिली की न्यायाधीशही फार खोदून विचारेनासे झाले.

स्कूटरवाल्याचा दावाही असाच खिशात होता. टेम्पोच्या धडकेत तरुण मुलगा गेला होता आणि त्याच्या बायकोने भरपाई मागितली होती. पोलिसांच्या पंचनाम्यात स्कूटरच्या चाकांच्या खुणा पदपथापासून पाच मीटरवर लिहिल्या होत्या. बाईंनी मोजलं, तर पदपथापासून रस्त्याच्या मध्याचा पांढरा पट्टा साडेचार मीटरवर. म्हणजे स्कूटर मध्य ओलांडून पलीकडे गेली, चूक स्कूटरवाल्याचीच. तसा नकाशा कंपनीने दाखल करून दोन वर्षं झाली होती. मुलाचा बाप दर तारखेला मागच्या बाकावर ताठ बसे. तो निवृत्त बसचालक. सून शेजारी असे, पण दोघं एकमेकांशी बोलताना कधी दिसली नाहीत.

शेवटच्या युक्तिवादाआधी जागा पुन्हा मोजायची, हा बाईंचा नेम. मापं तीच आली. समोरचा पंक्चरवाला बराच वेळ बघत होता.

"बाई, स्कूटरवाल्या पोराचं मोजताय का? मग त्या कडेपासून कशाला? हा पदपथ नंतर रुंद केला. तेव्हा कड दीड मीटर मागे होती, इथे, माझ्या पाटीखाली."

बाईंनी टेपचं टोक पाटीखाली नेलं. जुन्या कडेपासून मध्य सहा मीटर. खुणा पाचवर. पोरगा आपल्याच बाजूने चालला होता. मास्तरांनी टेप गुंडाळली आणि हळूच म्हणाले, "गणित बरोबर होतं गं. सुरुवात चुकली."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पालिकेत जाऊन कामाचे कागद पाहिले. पंक्चरवाल्याचा शब्द न् शब्द खरा होता. मग त्या तडक कंपनीच्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी दार लावून घेतलं. "समोरच्या वकिलाला याचा पत्ता तरी आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

"झालं कसं? मला पत्ता आहे ना," बाई म्हणाल्या. "नकाशा मागे घेऊ द्या, नाहीतर दुसरा वकील बघा. आणि उद्यापासून माझ्या मापांवर कोर्टाने विश्वास ठेवायला हवा असेल, तर आज मला चुकले म्हणू द्या."

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि नकाशा मागे घेण्याच्या अर्जावर सही केली. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्या खोलीत आपलं वजन किती आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

कोर्टात त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. "साहेब, नकाशातली मापं माझी आहेत आणि ती चुकीची आहेत. पदपथाची कड अपघातानंतर पुढे आली, हे मी तपासायला हवं होतं. स्कूटर आपल्या बाजूला होती." न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि नोंद घेतली.

बाहेर व्हरांड्यात बापाने त्यांना गाठलं. आता शिव्या खायच्या, म्हणून बाई थांबल्या. खायलाच हव्या होत्या.

"मी पस्तीस वर्षं बस चालवली, बाई. पोराला गाडी मीच शिकवली," तो म्हणाला. "सून म्हणत होती, ते कधी बाजू सोडायचे नाहीत. पण कोर्टात सगळे म्हणाले, टेपवाल्या बाईंचं माप चुकत नाही. मी तुमचं ऐकलं. दोन वर्षं तिच्यादेखत त्याला दोष दिला मी."

बाईंना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"चूक माझी होती, दादा. त्याची नव्हती."

"हे तिला सांगाल?" त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. सून खालच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. "माझ्याशी ती बोलत नाही."

बाईंनी फाइली सोबत आलेल्या मास्तरांच्या हातात दिल्या आणि त्या जिना उतरू लागल्या. बाप वरच उभा राहिला.