उंदराने कुरतडलेली नळी

आमच्या ह्यांना सगळे मास्टर म्हणतात. हातात कायम शिवणाची कात्री. लोंबता दोरा दिसला की बोलता बोलता कचकन तोडणार. कुणाकडे जेवायला गेलो तरी यांचं लक्ष यजमानांच्या बाह्यांकडे.

मधुमेहासाठी यांच्या कमरेला इन्सुलिनचा पंप होता. त्याच्या बारीक नळीतून औषध पोटात जायचं. एके दिवशी दुपारपासून हे नुसते पाणी पाणी करू लागले, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नर्सने सदरा वर केला तर नळी तुटलेली.

"उंदराने कुरतडली असेल," हे म्हणाले.

मी टोक पाहिलं. सरळ, स्वच्छ काप. असा उंदीर मिळाला तर पगार देऊन ठेवून घेऊ, असं मनात आलं. पण चारचौघांत यांची शोभा नको म्हणून सदरा खाली ओढला.

बरं वाटल्यावर यांनी डॉक्टरांना सांगितलं, "मला आपली इंजेक्शनंच द्या. ते मशीन मला मानवत नाही." तेव्हापासून जेवणाआधी हे दुकानातल्या ट्रायल रूमच्या पडद्याआड जातात, पोटात टोचून घेतात आणि चोरासारखे बाहेर येतात.

आमची लेक स्वस्थ बसेल तर शपथ. तिने दुकानभर पिंजरे मांडले. उंदीर काही सापडेना, तेव्हा शेजारच्या किराणावाल्यांना जाऊन वाट्टेल ते बोलली. "तुमच्या पोत्यांमुळे माझे बाबा मरता मरता वाचले!" हे शिलाई मशीनवर मान खाली घालून बसले होते. चाक फिरत होतं, सुईखाली कापड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किराणावाले आमच्या पायरीशी आले. सगळी पोती बाहेर काढून गोदाम धुतलं म्हणाले. वर हात जोडले. "मास्टर, माझ्यामुळे झालं. माफ करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यांचे कान लाल झाले. "उंदीर नव्हता हो. मीच कापली. सदऱ्याखालून लोंबत होती, दोरा वाटला मला."

लेक आधी ओशाळली, मग म्हणाली, "बाबा, मग मशीन तर चांगलंच आहे. पुन्हा लावू या ना."

"मशीन चांगलंय गं. माझ्याच हाताची भीती वाटते."

उंदरावरून मनात केलेली थट्टा माझी मलाच लागली. यांनी शिवून झालेला कोट माझ्यापुढे सरकवला, वर कात्री ठेवली. "दोरे आता तू काढत जा," म्हणाले आणि पडद्याआड गेले.

कॉलरखाली एक दोरा लोंबत होता. मला तो तोडवेना.