न उघडलेला साचा

"ताप आलाय, उतरू द्या." ओतलेल्या साच्यावर तळहात ठेवून नंदी घडवणारा म्हातारा म्हणायचा. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी मात्र ताप उतरायच्या आत साचा उघडायचो आणि हातात नुसतं नंदीचं मुंडकं यायचं.

औंढ्याला देवळाबाहेरच्या दुकानांत मिळणारे मुठीएवढे नंदी त्याच्या पत्र्याच्या शेडमधून जात. मी शेजारी राहायचो. निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून त्याच्याकडे शिकायला बसलो. उतारवयात तुम्ही एखादं हातकाम शिकायला घेतलं असेल, तर माझी चिडचिड तुम्हाला कळेल. प्लास्टर पातळ कालवलं की नंदी ठिसूळ निघे. घट्ट कालवलं की तो विचारी, "भाऊ, पिठलं करून राहिले का?" बुडबुड्यांनी भोकं पडलेला नंदी उन्हात धरून म्हणे, "याला तर देवी आल्या!" मी वैतागून तो फेकायचो. तो उचलून आणायचा आणि भोकं बुजवत बसायचा.

पुढे जुना साचा झिजला. नंदीला कान उमटेनात. तोवर त्याचा हात कापू लागला होता, नजरही अधू झाली होती. तरी एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून त्याने मातीचा नवा नंदी घडवला.

"आता दुसरा व्हायचा न्हाई, भाऊ."

त्या नंदीभोवती साच्याचा खालचा अर्धा भाग त्याने ओतला, वरचा माझ्यावर सोपवला. मध्ये साबणाचं पाणी फिरवावं लागतं, नाहीतर प्लास्टरला प्लास्टर धरतं.

या वेळी मी ताप पुरता उतरू दिला. पण साचा उघडेना. पाचर ठोकली, गरम पाणी ओतलं. कडा तुटल्या, फट काही पडेना. मी घामाघूम, रडकुंडीला आलेलो.

"साबण लावला व्हता ना?"

मला तेव्हा आठवलं. "व्हय," मी म्हणालो.

त्याने चाचपत साबणाचा ब्रश उचलला, केसांवरून अंगठा फिरवला, खाली ठेवला.

"तुमी म्हणता तर लावलाच असंल. आता फोडू नका. आत तरी शाबूत हाय."

त्यानंतर त्याने प्लास्टर कालवलं नाही. दुकानांत नंदी बाहेरून येऊ लागले. गेल्या हिवाळ्यात तो वारला. म्हाताऱ्याचा हातच गेला होता, म्हणून साचा बिघडला, असं दुकानदार आजही म्हणतात आणि मी मान डोलवत आलो. आता सांगतो, त्याचा हात गेला नव्हता. साबण मी विसरलो होतो.

परवा शेडमध्ये गेलो. तो बंद गोळा अजून फळीवर आहे. तळहात ठेवून पाहिला. गार लागला.

त्या दिवशी ब्रश कोरडा होता.