पहिल्या अंकाचा हेर

तोंडातून अक्षर न काढता अख्खा बाजार हलवणारा माणूस पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा देवणीच्या बैलबाजारातले दलाल. खांद्यावरची दस्ती, म्हणजे तो पंचाएवढा रुमाल, गिऱ्हाइकाच्या हातावर टाकायची, खाली बोटं दाबून भाव सांगायचा आणि चेहरा न्हाव्यापुढं बसल्यासारखा निर्विकार ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत ‘आणखी दोन जिलब्या घ्या’ असा आग्रहसुद्धा त्यांनी मला दस्तीखालून, दोन बोटं दाबून केलेला आहे.

कारण मामांची जीभ अडते. त्यांचा पहिला शब्द निघेपर्यंत समोरचा त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. त्यात मीही आलो. आमच्या हौशी नाटकमंडळीत नाटकं मी लिहितो आणि ते वीस वर्षं पडदा ओढतात. सगळी नाटकं त्यांना पाठ, आणि दरवर्षी मागणी एकच, “जावईबापू, ए-एक वाक्य द्या की.” दरवर्षी मी हो म्हणायचो आणि विसरायचो.

गेल्या दिवाळीत मी सिनेमातला एक जगप्रसिद्ध हेर मराठवाड्यात आणला. हेर होणार होते नांदेडचे एक देखणे प्राध्यापक. शत्रूचा सेनापती अर्थातच मी. देवणीचं मैदान गच्च भरलं आणि प्राध्यापकांचा फोन आला, की जीप मुखेडजवळ बंद पडलीय, दुसऱ्या अंकापर्यंत पोचतो. मी वळून बघतो तो मामांनी हेराचा काळा कोट आधीच चढवलेला. बाह्या बोटांच्याही पुढं, आणि कोटावर दस्ती. ती काढायला काही केल्या तयार होईनात.

पहिला अंक सगळा लपण्याछपण्याचा, हेराला वाक्य एकच. मामा भिंतीला चिकटून शत्रूच्या तळात शिरले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या ओळखीच्यांनी त्यांना रामराम केला. मामांनी लपल्या जागेवरून हात जोडून तो घेतला. मग मी पिस्तूल रोखून गरजलो, “सांग, तुझे साथीदार किती?”

मामांचे ओठ हलले. मानेची शीर ताणली. मैदान चिडीचूप. हेराचं ते वाक्य मीच लिहिलेलं, माझ्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मामांनी दस्ती माझ्या पिस्तुलावर टाकली, खाली माझं मनगट धरलं आणि चार बोटं दाबली. मैदानातला एकूण एक माणूस बैलवाला. मागून आवाज आला, “मामा, भावात उतरू नका, धरून ऱ्हावा.” मी मनगट सोडवून घेतलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं वाक्यही पुरं केलं नाही. मग सावकाश, कुठंही न अडता, मामा बोलले.

“आपला सौदा न्हाई व्हायचा, जावईबापू.”

टाळ्या थांबेनात. पडदाही पडेना, कारण पडदा ओढणारा माझा हात धरून उभा होता.

दुसऱ्या अंकात प्राध्यापक आले, फर्डं बोलले. मामा गुपचूप दोरीपाशी गेले. लोक मात्र शेवटपर्यंत विचारत होते, की पहिला हेर कुठं गेला.

यंदाचं नाटक मी मामांसाठीच लिहितोय. प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणून बघायचं, अडेलसा शब्द खोडायचा. बायकोनं हे त्यांच्या कानावर घातलं. परवा आले, वही मागितली, बराच वेळ वाचत बसले.

“ज-जड शब्द काढू नका,” म्हणाले. “अडलो तर लोक थांबतेत. आता त्यायला म्हाईत हाय.”

ते गेल्यावर मी खोडलेला एकेक शब्द परत लिहायला बसलो. वीस वर्षांत त्यांची किती वाक्यं मी त्यांच्या आधी बोलून टाकली, ते काही आठवेना.