महाराजांचे बिबडे

नरडाण्याकडच्या आमच्या गावात एक कमिटी होती, कीर्तनकार तयार करायची. हुशार पोरं निवडायची, शिकायला संस्थेत धाडायची आणि त्यांचा खाण्याराहण्याचा खर्च गावानं उचलायचा. याला ते शिष्यवृत्ती म्हणत. मी फुकटचं खाणं म्हणायचो, तेही तोंडावर. नांगर नको म्हणून पोरगं टाळ धरतं, हे माझं तेव्हाचं मत. आजही तेच.

माझी बायको मात्र दर आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, त्या पोरांसाठी बिबड्यांचा डबा भरायची. ज्वारी भिजवा, कांडा, शिजवा, आणि तसलं रटरटतं पीठ ओल्या फडक्यावर हातानं पापडासारखं थापा. बोटांना फोड यायचे.

"त्या रेड्यांसाठी हात भाजून घेतेस?" मी म्हणायचो.

"रेडाबी वेद बोलना व्हता ना? मंग त्याले खावाले नको?" आणि हसायची.

त्या वर्षी बिबडे वाळून डब्यात गेले आणि ती काविळीनं पडली. धुळ्याच्या दवाखान्यात खाटेवरून मला म्हणाली, "पोरेसले बिबडा धाडज्यात बरं, इसरू नका." दुसरं काही मागितलं नाही. तिथेच गेली.

गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी, आमच्याकडे कीर्तन ठेवतात. कमिटीनं आपलाच शिकून आलेला महाराज आणला. हाच पोरगा असताना आमच्या ओट्यावर बसून बिबडे खायचा, तिला माय म्हणायचा. आता जीपमधून उतरला. त्याच्या कॅसेटी निघाल्या होत्या.

तिच्या फोटोला हार घातलेला. त्याच्यासमोर उभा राहून हा माईकवर म्हणतो, "बायको म्हणजे पायातली बेडी! देवानं आबांची बेडी तोडली. आबा, रडता काय? पेढे वाटा!"

बाप्ये हसले. बाया पदर ओढून खाली बघत बसल्या.

मी उठलो. "महाराज, त्या बेडीनं थापलेलं खाऊन हे गाल वर आलेत तुमचे. उतरा खाली."

मृदंग थांबला. महाराज गोरामोरा झाला. "आबा, दृष्टांत आहे हा. आम्हाला असंच शिकवलंय."

"मग शिकवणाऱ्यालाही उतरवा."

कीर्तन तिथेच मोडलं. पंगत जेवली, पण माझ्याशी कोणी बोललं नाही.

चार दिवसांनी कमिटी दारात. पुढारी गोड बोलणारा. "आबा, झालं गेलं सोडा. अक्कांच्या नावानं एक शिष्यवृत्ती सुरू करा. नाव राहील त्यांचं."

"पुढचं पोरगं काय पाठ करेल? बेडीच ना?"

"आता ते पोथ्यांतच आहे, आबा. आपण काय बदलणार?"

"मंग तिनं नाव तुम्हना पोरेसना तोंडमा नको."

तो उठला. चपला घालता घालता त्याची नजर कोपऱ्यातल्या बिबड्यांच्या डब्याकडे गेली. विचारायची हिंमत झाली नाही त्याची. मला मात्र दवाखान्यातली खाट दिसली. डबा उचलला आणि त्याच्या पायाशी आदळला.

"हे घेऊन जा. ती सांगून गेली म्हणून देतो. माझ्या मनानं एक तुकडा दिला नसता. आणि डबा परत आणा, तिच्या माहेरचा आहे."

बिबडे पोरांनी खाल्ले असतील. डबा अजून आलेला नाही. कमिटीतला माणूस दिसला की आजही भर बाजारात थांबवतो आणि विचारतो.