मोरपंखी माठ

अगं ए भाचीबाई, जरा जवळ ये. तू तिकडे नाशिकला नि मी इकडे घणसोलीत, तरी ये, कान दे. नवा फ्लॅट घेतलास, राहायला गेलीस, आणि मावशीला फोन कधी केलास, तर कमी खर्चात घर कसं सजवायचं ते विचारायला? शोभतं का हे? त्यात वर म्हणतेस, "मावशी, तुझा हात चांगला आहे." या हातानं काय करून ठेवलं ते आधी ऐक. मग ठरव माझा सल्ला घ्यायचा की नाही. मलाच अजून नीट उमगलेलं नाही, तुला काय सांगणार म्हणा.

तुझी ताई, म्हणजे माझी लेक, बंगळूरला नोकरीला. ऑफिसच्या कामासाठी दर तीन-चार महिन्यांनी तिला ऐरोलीला यावं लागतं. ऐरोली ती किती लांब? तिनं निघताना फोन केला आणि मी बटाटे उकडायला लावले, तर कुकर थंड व्हायच्या आत दारात हजर. पण गेल्या वर्षापासून ती कंपनीच्या गेस्ट हाऊसवर उतरायला लागली. घरी यायची, जेवायची, आणि "चल आई, कॅब आली," म्हणून निघायची. मी लिफ्टपर्यंत जायची आणि हसत हात हलवायची. का गं जातेस, हे विचारायची हिंमत मात्र झाली नाही. काय उत्तर येईल कोण जाणे.

एकदा तिनं त्या खोलीचा फोटो पाठवला. पांढरी चादर, कोपऱ्यात एक दिवा, भिंतीवर एकच चित्र. मी फोटो बघितला, मग आमचा हॉल बघितला. टीव्हीखाली तांदळाचं पोतं, कपाटावर बॅगांची चळत, खुर्चीवर ह्यांचा ओला टॉवेल. म्हटलं, सापडलं कारण.

आता ह्यांच्या पेन्शनीत इंटिरियरवाला काही बसत नाही. मोबाइलवर मात्र पोरी भराभरा दाखवतात, जुन्या बाटलीचा दिवा, जुन्या साडीचा पडदा, पाच मिनिटांत घर नवं. पाच मिनिटं ती त्यांची. माझी एक बाटली दोन दिवस चालली. दोन सुती साड्या होत्या, त्यांचे पडदे शिवले. ते झाले छान, उगाच का नाही म्हणू. हे न्हावा शेव्याच्या बंदरावर माल सोडवण्याच्या ऑफिसात होते, तेव्हाच्या खोक्याच्या फळ्या माळ्यावर पडून होत्या. त्यांना पॉलिश पेपर मारून भिंतीला शेल्फ केलं. एका फळीवर 'ही बाजू वर' दाखवणारा काळा बाण छापलेला होता. तो काही केल्या निघेना, आणि मी घाईत तीच फळी उलटी ठोकली. हे म्हणाले, "वा! आता पाहुण्यांनी डोक्यावर उभं राहायचं." सकाळी मी ब्रश घेऊन बसले की हे पेपर घेऊन गॅलरीत जायचे. "मी हललो नाही तर मलाही रंगवशील तू."

त्या भरात मी माठाकडे वळले.

आमचा माठ तुला आठवतो ना? स्वयंपाकघराच्या दाराशी, तिवईवर, त्यावर पितळी झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. फ्रीज आला तरी माठ हलला नाही. तुझी ताई शाळेतून यायची ती दप्तरासकट तिथे. पुढे कॉलेजातून आली तरी तेच, लग्न होऊन माहेरपणाला आली तरी तेच. चप्पल एक इकडे, एक तिकडे, आधी पाणी, मग "आले गं आई". मी ओरडायची, "अगं, हात तरी धू!"

तर खिडकीच्या ग्रिलला लावून उरलेला मोरपंखी ऑइल पेंट होता. तो माठाला दिला. वर पांढरे ठिपके, गळ्याशी आरशाचे तुकडे. इतका देखणा झाला गं, की स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायला जीव होईना. हॉलमध्ये बाणाच्या फळीखाली मांडला आणि पाणी भरलं.

चार दिवसांनी पाणी कोमट लागायला लागलं. मला वाटलं, उन्हाळा. मग वाटलं, टाकीच तापली असेल. पाणी बदललं, माठाखाली ओली वाळू घातली, पंख्याखाली आणला. काही नाही. हे काही बोलले नाहीत. मी मनाशी म्हटलं, ह्यांना तरी गार लागत असेल, माझ्याच जिभेचं काहीतरी बिघडलं.

आणि ताई आली.

दारातच थबकली. "अय्या आई, काय केलंस हे! भारीच!" पडदे बघितले, दिवा बघितला. मग पाय सवयीनं स्वयंपाकघराकडे गेले आणि तिथे तिवई नव्हती. परत येऊन सोफ्याच्या कडेला बसली, ओढणी सावरली आणि म्हणाली, "आई, पाणी मिळेल का?"

मिळेल का! माझी पोर, माझ्या घरात. मी खरोखर ट्रेमधून पाणी आणलं, खाली हातानं शिवलेला नॅपकिन घालून.

तिनं घोट घेतला. "गरम आहे गं."

"उन्हाळा आहे."

"पंधरा दिवस झाले गरमच आहे," हे गॅलरीतून बोलले. "मी गुपचूप फ्रीजमधली बाटली पितो."

"अहो, मग मला सांगायचं नाही?"

"तू ब्रश घेऊन उभी असायचीस, कोण बोलणार?"

ताई उठली, माठाच्या पोटावर हात फिरवला. "आई, हा कोरडा ठाक आहे. पाझरतच नाहीये. कसला रंग दिलास?"

"ग्रिलचा."

"ऑइल पेंट? माठाला?" आणि ती जी हसत सुटली, ती खाली फरशीवरच बसली. "अगं, भोकं बुजली त्याची सगळी! पाणी गार होणार कसं?" मला हसू येईना आणि रडूही येईना. तिनं ओढणी काढून सोफ्यावर फेकली, बेसिनखालची तारेची घासणी आणली आणि ऑफिसच्याच कपड्यांत माठ मांडीत घेऊन घासायला लागली. मी समोर पॉलिश पेपर घेऊन बसले. कॅबवाल्याचा फोन आला. "कॅन्सल करा," म्हणाली. का, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

रंग वरवर निघाला, आतला बसला तो बसलाच. पाणी काही गार झालं नाही. ती रात्री राहिली, सकाळी इथूनच ऐरोलीला गेली. मी दुपारी उशीचा अभ्रा बदलून ठेवला. संध्याकाळी मेसेज आला, बॅग गेस्ट हाऊसवर आहे, आज तिकडेच राहते.

आता तू सांग, मी काय समजायचं? एवढं घर सजवलं तेव्हा ती पाहुण्यासारखी बसली, आणि मी घाण करून ठेवली तेव्हा राहिली. म्हणजे दर वेळी काहीतरी बिघडवून ठेवायचं का? पडदे तर तिला खरंच आवडले, दोन मागून घेतले. मग गेस्ट हाऊस का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तिला सकाळी लवकर मीटिंग असेल." असेलही.

घणसोली गावातून नवा माठ आणलाय. लाल, कोरा, जुन्याच जागी, तिवईवर. हात फार शिवशिवतात गं, दोनच ठिपके काढावेसे वाटतात. पण ह्यांनी ब्रश लपवलाय. जुना माठ गॅलरीत आहे, अर्धा मोरपंखी, त्यात कढीपत्ता लावलाय.

पुढच्या महिन्यात ताईचं ऐरोलीला काम आहे. कुठे उतरणार ते बोललेली नाही, फक्त फोनवर विचारलं, "माठ घेतलास का?" एवढंच. तू त्याच आठवड्यात ये. तू असलीस तर तीही राहील कदाचित, आणि नाही राहिली तर मी एकटी लिफ्टपाशी उभी नको. पडद्यांचं काय ते इथेच बसून ठरवू. ये लवकर. आणि आल्यावर पाणी मागू नकोस हं, माठ दाराशीच आहे.