खोट नसलेला भुंगा

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं मी तयार मालातली खोट शोधली. खोट सापडली की पार्ट बाजूला, नाही सापडली की पुढं. निवृत्तीनंतर घरी भुंग्यांच्या पेट्या भरतानाही तोच डोळा. मिशी तुटलेला भुंगा मी ठेवत नाही. लोक हसतात. हसू देत!

बाभळीवरचा हिरवा चकचकीत भुंगा मात्र मला कधी धड मिळाला नव्हता. इतर कितीतरी किडे वाळले की कळकट होतात. ह्याचा हिरवा रंग मेल्यावरही तसाच, कारण कवचाच्या थरांवर उजेड खेळल्यामुळं तो दिसतो. पाठीवर दोन टणक झाकणं, खाली पातळ पंख. काय सांगू, वेड लागतं.

एका सकाळी बायको फिरून आली ती डबा घेऊनच. आत तो, सोबत बाभळीचा पाला. माझ्या पेट्यांना आयुष्यभर ‘मढ्यांचं कपाट’ म्हणणारी ही बाई माझ्यासाठी भुंगा घेऊन आली! मला भरूनच आलं.

“बघून घ्या सावकाश,” ती म्हणाली. “संध्याकाळी फिरायला जाताना परत झाडावर ठेवून येऊ.”

“सरी, सरी,” मी सवयीनं कानडीत होकार भरला. ऐकलं होतं कुठं?

हात लावताच त्यानं पाय पोटाशी घेतले. मेल्याचं सोंग. भिंगातून पाहिलं: करवतीसारख्या दातेरी मिशा दोन्ही शाबूत, सहाही पाय जागेवर, प्रत्येकाच्या टोकाला दोन नख्या. ओरखडासुद्धा नाही. भुंगा मारायला डबा फ्रीजरमध्ये ठेवला. दुपारी उजव्या झाकणातून टाचणी घातली. डावं अखंड राहावं म्हणून अशीच घालतात. पाय सारखे करताना मी चक्क गुणगुणत होतो.

संध्याकाळी ती चपला घालून दारात उभी. “डबा आणा की.”

मी पेटी पुढं केली. तिला टाचणी दिसली.

“अगं, एवढा बिनखोट...” मी चाचरलो. “एखादा पाय जरी तुटका असता ना, देवाशप्पथ सोडला असता.”

चुकलो म्हणायचं सोडून हे काय बोललो मी!

“मग आणतानाच एक पाय मोडायला पाहिजे होता मी,” ती म्हणाली, आणि एकटीच फिरायला गेली.