गुरुवारी साडेचार ते पावणेपाच

आमच्या घरात वाईट बातमी कधी सरळ सांगत नाहीत. जितकी वाईट, तितकी मऊ करून सांगायची. ऐकणाऱ्याला लांबून यायचं असतं, वाटेत त्याचा धीर सुटू नये. शिवाय वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलायचं नाही. आप्पांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा धाकटा भाऊ राहुरीला शिकत होता. मी फोनवर एवढंच म्हणाले होते, "आप्पांना जरा बरं न्हाई, सवडीनं ये." तो भरल्या ताटावरून उठून आला. सवडीनं ये म्हणजे असशील तसा निघ, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आता तो पुण्यात असतो, एकटाच. मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दिवसभर मीटिंगांमध्ये असतो. गेल्या दिवाळीत त्यानं माझ्या मोबाईलमध्ये एक बोलका सहायक बसवून दिला. "आक्का, तू ह्याला नुसतं सांगायचं. हा माझ्या सहायकाला इचारील, त्यो माझं कॅलेंडर बघंल, आन मोकळी येळ दोघं मिळून ठरवतील. तुला सारखं फोन करत बसाया नको."

"म्हंजी नवरा-नवरीनं गप बसायचं आन मध्यस्थांनीच लग्न उरकायचं," मी म्हणाले. तो खूप हसला. त्या दिवशी मीही हसले होते.

परवाच्या उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी कर्जतचे डॉक्टर आईला घरी बघून गेले. ओट्यावर चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, "बाई, ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा." मी आत आले. आईला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. ती म्हणाली, "त्याला बोलव. त्याच्या हातचं घोटभर पानी पिते, मंग मी मोकळी." दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

मी खाटेपाशी बसूनच मोबाईलला सांगितलं, भावाला घरी बोलवायचंय. किती वेळ लागेल, त्यानं विचारलं. पाणी पाजायला कितीसा वेळ लागतो? मी पंधरा मिनिटं म्हटलं. मग त्यानं विचारलं, "काम तातडीचं आहे का?"

आई माझ्याकडंच तोंड करून पडली होती.

"छे, तातडीचं काय न्हाई. आईला जरा बरं वाटंना. सवडीनं ये म्हणावं," मी म्हणाले. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की गुरुवारी दुपारी साडेचार ते पावणेपाच ही वेळ मोकळी आहे आणि ती नोंदवली आहे. मी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. भाऊ माझे शब्द वाचणार आणि तिथूनच उठणार, याची मला इतकी खात्री होती की मी चहा टाकला.

अकरा वाजले तरी त्याचा फोन नाही. आई मधूनमधून विचारायची, "आला का गं?" मी म्हणायची, "वाटंत हाय." मग मी स्वतः त्याला फोन लावला, तर तोही त्याच्या सहायकानंच उचलला. ते कामात आहेत, आपली भेट गुरुवारी ठरली आहे. मी पुन्हा लावला. पाच-सहा वेळा लावला. त्या गोड आवाजाचा मला इतका संताप आला की वाटलं, मोबाईल आडात टाकावा. पण तो टाकून करणार काय, भावापर्यंत जायची वाट त्याच्यातूनच होती. मी चुलीपाशी बसून रडले. आवाज आईला जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडले.

सांगायचं काय ते मला कळत होतं. फक्त जीभ वळत नव्हती. तीस वर्षं मी शाळेत पोरांवर ओरडले, स्पष्ट बोला, तोंडातल्या तोंडात बोलू नका. शेवटी मी मोबाईल घेऊन घराबाहेर पडले आणि वास्तूला ऐकू जाणार नाही एवढ्या लांब, बांधावरच्या बाभळीखाली जाऊन उभी राहिले. तिथंही दोनदा नुसताच घसा खाकरला. मग बोलले, "आई मरतीय. त्याला सांग."

मिनिटभरात भावाचा फोन आला. "आक्का, निघालो." तेव्हा दीड वाजला होता.

मी पळत आत आले आणि आईला सांगितलं, आता खरंच वाटंत हाय. तिनं हूं केलं नाही. सकाळपासून खोटं सांगत होते तेव्हा ती दर घटकेला विचारायची, आणि खरं झालं तेव्हा तिचं विचारणं थांबलं होतं. मी चमच्यानं पाणी घातलं, ते ओठांच्या कडेनं खाली आलं. चारला ती गेली. भिगवण, राशीन करत तो पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते.

गुरुवारी सकाळी सावडायला जाऊन आलो. दुपारनंतर माणसं पांगली. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो.

"आक्का," तो म्हणाला, "तू सवडीनं ये म्हणालीस, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. नुसतं लिवलं हुतं, आईची भेट, तातडी नाही."

"तातडी न्हाई असं मीच सांगितलं हुतं."

तेवढ्यात दोघांचेही मोबाईल एकदमच वाजले. आईची भेट, साडेचार. ती नोंद पुसायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो उठला, माठातून तांब्या भरून घेतला आणि आत जाऊन आईच्या मोकळ्या खाटेपाशी बसला. मी दारातच उभी राहिले, आत जाववलं नाही.

पावणेपाचला माझ्या मोबाईलनं विचारलं, भेट झाली का. मी नाही म्हटलं. त्यानं विचारलं, पुढची मोकळी वेळ शोधू का?